चार उपाहारगृहे आणि एक ‘भागीदार’

शनिवारची संध्याकाळ. ठाणे, कोथरूड, डोंबिवली किंवा नाशिकचा कॉलेज रोड, कोठलेही दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड घ्यावे. घरात माणसे चार आणि जिभाही चार. वडिलांना बिर्याणी हवी असते, मुलाला पिझ्झा, मुलीला नूडल्स; आई “मला काहीही चालेल” असे म्हणते आणि थोड्या वेळाने हळूच डोशाचे नाव घेते. पूर्वी असा प्रसंग उद्भवला की घरातील वडीलधारे माणूस निवाडा देई आणि त्या निवाड्याचे नाव बहुधा पिठले-भात असे. आता निवाड्याची गरज उरलेली नाही. फोनच्या पडद्यावर चार उपाहारगृहांची दारे एकाच वेळी उघडतात, चार याद्या भरतात, नोट हाताळावी न लागता पैसे चुकते होतात आणि तासाभरात चार पिशव्या दाराशी येतात. एका वेळी एकाच उपाहारगृहाची यादी तयार ठेवता येई, ही जुनी अडचणही २०२३ पासून सैल झाली. एका घरात चार ताटे आणि त्या चार ताटांत चार मुलखांचे अन्न, ही चैन एके काळी संस्थानिकांनाही सहजासहजी साधत नसे. आज ती कारकुनाच्या आवाक्यात, निदान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तरी, आलेली आहे.

या दृश्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा सध्या रूढ आहेत. एक तऱ्हा हळहळण्याची. घरचे अन्न गेले, पंगत गेली, आईच्या हातची चव गेली, असा सूर या पक्षाकडून नेहमी लावला जातो. दुसरी तऱ्हा हरखून जाण्याची. तंत्रज्ञानाने ग्राहकाला राजा केले, तरुणांना रोजगार दिला, लहान उपाहारगृहांना बाजारपेठ मिळवून दिली, असे या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकले तर असे दिसते की पिशवीत काय आहे याची चर्चा दोघेही हिरिरीने करतात, पण पिशवी कोणी आणली आणि कोणत्या अटीवर आणली याविषयी दोघेही सारखेच उदासीन असतात.

हळहळणाऱ्यांचा हिशेब आधी चुकता केलेला बरा. आईच्या हातची चव हा शब्दप्रयोग गोड आहे, परंतु त्यातला हात कोणाचा, हे तो वापरणारे पुरुष क्वचितच लक्षात घेतात. राष्ट्रीय पातळीवर २०१९ साली झालेल्या कालवापर पाहणीत असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांचे हे बिनपगारी काम आठवड्यातून एका संध्याकाळी थांबत असेल, तर त्यात संस्कृतीचा ऱ्हास शोधण्याचे कारण नाही. शाळेतून दमून आलेल्या शिक्षिकेने फोनवरून दोन भाज्या आणि पोळ्या मागविल्या, तर तिच्यावर टीका करण्याचा अधिकार फक्त त्यालाच, ज्याने त्या दिवशी कणीक मळलेली आहे.

शिवाय बाहेरचे अन्न ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. मुंबईचा कामगारवर्ग तीन-चार पिढ्या खानावळीवर जगला. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि जेवण्यासाठी शेजारच्या बाईकडे महिना ठरवीत. पगार झाला की हिशेब होई. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांच्यासाठी उघडली. इराण्याचा चहा आणि ब्रुन-मस्का, माटुंग्याची उडुपी भोजनगृहे, लालबाग-परळच्या मालवणी खानावळी, पुण्यातील विद्यार्थ्यांची मेस, या सगळ्यांनी घरापासून दूर असलेल्या माणसाला जेवू घातले. तेव्हा ‘बाहेरचे खाणे’ हा बदल नाही. बदल आहे तो अन्नाच्या प्रवासात.

या प्रवासाची तुलना मुंबईच्या डबेवाल्यांशी करण्याचा मोह कोणालाही होईल. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालविली. सकाळी घरोघरचे डबे गोळा करावयाचे, झाकणावरील खुणांवरून स्थानकावर त्यांची वर्गवारी करावयाची, लोकलच्या मालडब्यातून ते न्यावयाचे, दुपारच्या सुट्टीपूर्वी टेबलावर पोहोचवावयाचे आणि रिकामा डबा त्याच वाटेने परत घरी. त्या व्यवस्थेत अन्न एका घरातून एका माणसाकडे जाई. नव्या व्यवस्थेत ते चार उपाहारगृहांतून एका घराकडे येते. हा भेद वरवरचा आहे. खरा भेद असा की डबेवाला हा आपल्या तुकडीतला हिस्सेदार असतो. ग्राहकांकडून येणारे पैसे तुकडीत जमा होतात, खर्च वजा जातो आणि उरलेले आपसांत वाटले जातात. मुकादम असतो, पण तोही डबा उचलतो. कोणाचा डबा कोणी न्यावा, किती घ्यावे, नवा माणूस घ्यावा की नाही, हे त्यांचे ते ठरवितात. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा हीच व्यवस्था एका रात्रीत थिजली. अनेक डबेवाले गावी परतले आणि त्यांतले बरेचसे पुन्हा आलेच नाहीत. त्याच काळात, उपाहारगृहांत बसून खाण्यास मनाई पण घरपोच देण्यास मुभा असे नियम झाले, आणि पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला दुचाकीस्वार हा शहरातील रस्त्यावरचा नेहमीचा माणूस झाला.

आता ग्राहकाच्या राजेपणाकडे वळावे. चार उपाहारगृहांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले आहे, असे तो समजतो. प्रत्यक्षात ती चार नावे चार स्वयंपाकघरांची असतीलच असे नाही. बसण्याची जागा नाही, पाटी नाही, केवळ घरपोच विक्रीसाठी चालणारी स्वयंपाकघरे गेल्या दहा वर्षांत मोठ्या शहरांतून उभी राहिली. त्यांना ‘क्लाउड किचन’ असे वायुरूप नाव आहे. एका छपराखाली एकच कंपनी बिर्याणीचे एक नाव, पिझ्झ्याचे दुसरे आणि मिठाईचे तिसरे चालविते. पुण्यात ‘फासोस’ या नावाने रोल विकण्यापासून सुरुवात केलेली रेबेल फूड्स ही कंपनी आज बेहरूझ बिर्याणी, ओव्हनस्टोरी पिझ्झा अशी अनेक नावे एकाच पद्धतीच्या स्वयंपाकघरांतून चालविते, आणि ती ते लपवूनही ठेवीत नाही. यात बेकायदा काही नाही. अन्न वाईट असते असेही नाही. परंतु वडिलांची बिर्याणी आणि मुलाचा पिझ्झा ही दोन उपाहारगृहांची स्पर्धा आहे असे समजून जो ग्राहक मनातल्या मनात दोन्हींना गुण देतो, तो एकाच विद्यार्थ्याच्या दोन उत्तरपत्रिका तपासीत असण्याचा संभव असतो. ज्याला शंका येईल त्याने यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक बिलावरही छापणे जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. दोन नावांखाली एकच क्रमांक निघाला तर चुलीही एकाच ठिकाणच्या.

पैशाचा हिशेबही असाच पाहण्यासारखा आहे. चार उपाहारगृहांतून मागविणे म्हणजे चार स्वतंत्र मागण्या. त्यामुळे पोहोचविण्याचे शुल्क, वेष्टनाचा खर्च, आणि ज्याचे नाव ‘प्लॅटफॉर्म फी’ असे आहे ते शुल्क, ही सारी मागणीगणिक वेगळी लागतात. हे शेवटचे शुल्क कशाबद्दल, याचे उत्तर साध्या मराठीत देणे अवघड आहे; दुकानात शिरल्याबद्दल दुकानदाराने दारात काही रुपये घ्यावेत, तसा काहीसा तो प्रकार. २०२३ मध्ये ते २ रुपयांनी सुरू झाले आणि दोन वर्षांच्या आत दोन आकड्यांत गेले. ग्राहकाने ते मुकाट्याने दिले. त्यामुळे मागण्या घटल्या, कंपन्या ओस पडल्या, असे कोठे झाले नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणार असल्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उपाहारगृहाच्या मालकाला या व्यवहारातून काय मिळते? प्रत्येक मागणीमागे तो कंपनीला कमिशन देतो, सवलतीचा भार बहुधा काही अंशी तोच उचलतो, आणि यादीत वर दिसावयाचे असेल तर जाहिरातीचे पैसे वेगळे मोजतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी दुकानातील पाटीवरचा भाव एक आणि फोनवरचा भाव दुसरा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातील अनेक उपाहारगृहांनी सवलतींच्या योजनांतून बाहेर पडून निषेध नोंदविला होता. पुढे राष्ट्रीय उपाहारगृह संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये स्विगी व झोमॅटो या दोन्ही कंपन्यांच्या व्यवहारपद्धतीची चौकशी करण्याचा आदेश दिला. बाजारपेठ दोनच कंपन्यांच्या हाती असेल तर उपाहारगृहवाल्याला अटी नाकारण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. तरीही उपाहारगृहवाला अगदी असहाय नाही. त्याच्याकडे दुकान आहे, भांडवल आहे, संघटना आहे आणि आयोगापुढे वकील उभा करण्याची ऐपत आहे.

ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, तो या साखळीच्या शेवटच्या टोकाला दाराची घंटा वाजवीत उभा असतो.

त्याला काय म्हणावयाचे याविषयी एकवाक्यता नाही. लोक त्याला ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणतात. मग तो बॉय दोन मुलांचा चाळीस वर्षांचा बाप का असेना. कंपन्या त्याला ‘पार्टनर’ म्हणजे भागीदार म्हणतात. शब्द सन्मानाचा आहे. मात्र भागीदारी या शब्दाला या देशात कायद्याचा निश्चित अर्थ आहे. १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार, धंद्यातील नफा वाटून घेण्याचा करार केलेल्या व्यक्तींमधील नाते म्हणजे भागीदारी. बारावीच्या वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही ही व्याख्या सांगू शकेल, आणि त्याच निकषावर हा दुचाकीवरील भागीदार अनुत्तीर्ण होतो. नफ्यात त्याचा वाटा नाही. दर त्याने ठरविलेला नाही. कोणती मागणी त्याच्याकडे यावी हे संगणक ठरवितो. दर बदलला तर तो फोनवरील सूचनेने कळतो. ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी घसरली तर काम कमी होते किंवा खाते बंद पडते, आणि बंद का पडले हे विचारावयाचे कोणाला, हेही अनेकदा ठाऊक नसते. तोट्यात मात्र त्याचा वाटा पुरेपूर आहे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, फोन त्याचा, पंक्चर त्याचे, उपाहारगृहाच्या दारात पदार्थ तयार होईपर्यंत ताटकळण्यात गेलेला वेळही त्याचाच.

अनेक उपाहारगृहांतून एकदम मागविण्याच्या पद्धतीने या वेळेच्या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला आहे. कधी चार पिशव्यांसाठी चार माणसे चार दिशांनी निघतात, आणि घरात पिझ्झा संपल्यावर डोसा येतो. कधी एकाच माणसावर दोन-तीन ठिकाणच्या पिशव्या उचलण्याचे काम येते. पहिली पिशवी हाती असते, दुसऱ्या उपाहारगृहात गर्दी असते. पहिली थंड होत जाते आणि ग्राहकाचा फोन येऊ लागतो. उशीर स्वयंपाकघराचा असतो, नियोजन संगणकाचे असते, आणि बोलणी दारात उभ्या असलेल्या माणसाला बसतात, कारण चौघांपैकी ग्राहकाला दिसतो तो एकटाच. जोडून दिलेल्या दुसऱ्या मागणीचा मोबदला पहिलीपेक्षा कमी पडतो, ही या माणसांची नेहमीची तक्रार आहे. ग्राहकाकडून मात्र शुल्क दोन्हींचे घेतले जाते.

हा माणूस कोण असतो? रेल्वे भरतीच्या परीक्षेची तयारी करणारा पदवीधर असतो, दुपारी महाविद्यालयात बसणारा विद्यार्थी असतो, कारखाना बंद पडलेला जोडारी असतो, लातूर-बीडकडून पुण्यात आलेला अल्पभूधारकाचा मुलगा असतो. दार उघडल्यावर समोर आपलाच जुना विद्यार्थी उभा दिसण्याचा अनुभव आता शिक्षकांना दुर्मीळ राहिलेला नाही. पिशवी घेता-घेता दोघांचेही डोळे क्षणभर खाली जातात. वास्तविक त्या विद्यार्थ्याने लाजावे असे त्यात काही नाही. कष्टाचे काम तो प्रामाणिकपणे करीत आहे. शिक्षकाच्या मनात मात्र एक प्रश्न उभा राहावयास हवा: स्वतःच्या वेतनातून दरमहा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आजारपणाची रजा मिळते, वैद्यकीय खर्चाची बिले मंजूर होतात, यांतले या मुलाला काय मिळते?

हा प्रश्न या पानाच्या वाचकवर्गाला विशेष लागू आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर होते. म्हातारपणी हाती निश्चित रक्कम असावी, बाजारातील चढउतारावर आयुष्याची संध्याकाळ अवलंबून नसावी, ही त्यांची मागणी होती, आणि माणूस म्हणून ती समजण्यासारखी होती. त्या सात दिवसांत संपकऱ्यांच्या घरीही पिशव्या येतच होत्या, आणि त्या आणणाऱ्याला जुने किंवा नवे कोणतेच निवृत्तिवेतन नव्हते. एका वर्गाची सुरक्षितता हा हक्क आणि दुसऱ्याची असुरक्षितता ही ‘कामाची लवचीकता’, असा दुटप्पी हिशेब सुशिक्षितांना शोभत नाही.

शासनाने काहीच केलेले नाही असे म्हणता येणार नाही. निती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालाने अशा कामकऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगार हे शब्द प्रथमच कायद्यात आणले. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणनिधीत भरावी, मात्र ती त्यांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तीत तरतूद आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओळखपत्रे आणि आरोग्यविम्याची घोषणा झाली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. कंपन्याही अपघात विमा देतात, हे नमूद केले पाहिजे. परंतु या सर्वांतून उभी राहते ती कल्याणाची, म्हणजे औदार्याची कल्पना. संहितेने या माणसाची व्याख्याच मुळी मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा कामकरी अशी केलेली आहे. ज्याला मालकच नाही त्याला किमान वेतन कोण देणार, आणि कामाचे तास कोण मोजणार?

मालक कोण, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे, आणि कंपन्यांच्या युक्तिवादात तथ्य नाही असे मुळीच नाही. हा माणूस सकाळी एका कंपनीचे काम करतो, संध्याकाळी दुसरीचे. दिवसभरात वीस उपाहारगृहांच्या पिशव्या वाहतो. मनात आले तर दोन दिवस काम बंद ठेवतो. अशा माणसाला कोणा एकाचा नोकर ठरवावे तर ते कोणाचा?

गंमत अशी की नेमका हाच प्रश्न या राज्यापुढे साठ वर्षांपूर्वी उभा होता. मशीद बंदर आणि दाणा बंदरच्या बाजारांतून माथ्यावर पोती वाहणारे माथाडी एका दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उतरवीत. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. आजचे ओझे, आजची मजुरी, संबंध संपला. मजुरी टोळीच्या मुकादमामार्फत मिळे, पाठ मोडली तर बाजारातून बाहेर. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम संमत केला. त्या कायद्याने मालक कोण या वादात न शिरता तो ओलांडला. व्यापारी, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमावयाचे. कामगाराची आणि व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे. मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरावयाची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्हीही भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. दहा व्यापाऱ्यांपैकी मालक कोण, याचे उत्तर कायद्याने दिले: दहाही. किराणा बाजार, कापड बाजार अशी एकेका व्यवसायासाठी मंडळे उभी राहिली. व्यापाऱ्यांनी तेव्हाही सांगितले होते की धंदा बुडेल. बाजार बुडाला नाही. पुढे तो वाशीला गेला आणि वाढला.

पोत्याऐवजी पिशवी, मुकादमाऐवजी संगणक आणि दहा व्यापाऱ्यांऐवजी वीस उपाहारगृहे व दोन कंपन्या, एवढा फेरफार केला की तो कायदा या माणसाच्या अंगाला बसतो. किंबहुना आज मंडळाचे काम पूर्वीपेक्षा सोपे आहे. माथाडीने किती पोती उचलली याची नोंद ठेवण्यासाठी वह्या लागत, भांडणे होत. इथे प्रत्येक पिशवीची वेळ, अंतर आणि रक्कम कंपनीच्या यंत्रणेत आपोआप नोंदली जाते. माथाडी मंडळांचा अनुभव सर्वस्वी उजळ आहे असा दावा करण्याचे कारण नाही. त्या कायद्याच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांविषयीच्या उद्योजकांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि नवा कायदा करताना ती वाट आधी बंद केली पाहिजे. परंतु रोख रकमेचा व्यवहारच जिथे नाही, तिथे खंडणीखोराला हात घालण्यास जागाही कमी राहते.

खर्चाचे काय? चारशे रुपयांच्या मागणीवर दोन टक्के आकारणी धरली तर ते आठ रुपये होतात. प्लॅटफॉर्म शुल्काची वाढ ग्राहकाने किती निमूटपणे सोसली हे वर आलेच आहे. मग हे आठ रुपये ग्राहकाला पेलणार नाहीत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कंपन्या तोट्यात आहेत हे उत्तरही आता जुने झाले. झोमॅटोने २०२३-२४ च्या पहिल्या तिमाहीत प्रथमच निव्वळ नफा दाखविला, तो २ कोटींचा होता. त्या पूर्ण वर्षाचा नफा ३५१ कोटींवर गेला.

आणि मध्यस्थाला जबाबदार धरता येत नाही, हा युक्तिवाद तर शासनाने स्वतःच मोडीत काढलेला आहे. जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकल्या जाणाऱ्या उपाहारगृहांच्या अन्नावरील वस्तू व सेवा कर गोळा करून भरण्याची जबाबदारी उपाहारगृहाकडून काढून ॲप चालविणाऱ्या कंपनीवर टाकण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून पोहोचविण्याच्या सेवेवरील १८ टक्के कराबाबतही तसेच झाले. म्हणजे अन्न शिजविले उपाहारगृहाने, पोहोचविले दुचाकीस्वाराने, तरी कराच्या कामापुरती ती सेवा कंपनीची असे कायद्याने मानले. तिजोरीसाठी जे मानता येते ते माणसासाठी का मानता येऊ नये, याचे उत्तर अर्थखात्याकडून नव्हे, पण कामगारखात्याकडून तरी मिळावयास हवे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कायद्याच्या कक्षेत सहजी येत नाही. कित्येक गृहनिर्माण संस्थांच्या उद्वाहकाशेजारी, पोहोचविणाऱ्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये, अशी सूचना लावलेली दिसते. कारण कोणी सुरक्षिततेचे सांगतो, कोणी स्वच्छतेचे. ज्या हातांनी आणलेले अन्न दाराच्या आत जाऊन ताटात पडणार आहे, ते हात लिफ्टची कळ दाबण्यास अस्वच्छ कसे ठरतात, हे ठराव करणाऱ्या समितीलाच ठाऊक. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने केवळ शाकाहारी अन्न पोहोचविणारा वेगळा, हिरव्या गणवेशातील ताफा जाहीर केला. गणवेशावरून माणसाची पारख होऊन काही वस्त्यांत त्याला दारबंदी होईल अशी टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो वेगळा रंग मागे घेण्यात आला. रंग मागे घेतला गेला, पण टीकाकारांना ज्या वस्त्यांची धास्ती वाटली त्या आहेत तिथेच आहेत. १९७२ साली ज्या महाराष्ट्रात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम काढली, त्याच महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या इमारतींत ‘एक इमारत दोन लिफ्ट’ हा नियम सर्वानुमते मंजूर होतो, ही गोष्ट साधी नाही. आढावांच्याच हमाल पंचायतीने १९७४ साली पुण्यात ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले, ते ओझी वाहणाऱ्याला स्वस्तात आणि मानाने बसून जेवता यावे म्हणून. शहरभर जेवण वाहून नेणारा आजचा माणूस स्वतः कोठे जेवतो, हे पाहावयाचे असेल तर रात्री साडेदहाच्या सुमारास एखाद्या मोठ्या उपाहारगृहाच्या बाहेरील पदपथावर नजर टाकावी. गाडीच्या सीटवर वडापावचा कागद उघडलेला असतो आणि डोळे फोनवर असतात. तहान लागली तर उपाहारगृहात पाणी मागावे की नाही याचाही तो विचार करतो.

महाराष्ट्राने या बाबतीत राजस्थानचा किंवा कर्नाटकाचा कित्ता गिरविण्याची वास्तविक गरज नाही. मूळ कित्ता मुंबईतच लिहिला गेला होता. माथाडी मंडळांच्या धर्तीवर पोहोचविणाऱ्या कामगारांचे मंडळ, त्यात त्यांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी, उपाहारगृहाच्या दारात घालविलेल्या वेळेसह कामाच्या तासांची मोजणी आणि त्यावर किमान मोबदला, खाते बंद करण्यापूर्वी कारण व म्हणणे मांडण्याची संधी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस या कामगारांनी देशभर संपाचे हत्यार उपसले तेव्हा त्यांच्या मागण्याही याहून फारशा निराळ्या नव्हत्या. हे करण्यास विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरे आहे, इच्छा असेल तर.

त्याआधीही, कायद्याची वाट न पाहता, एक गोष्ट कंपन्यांना करता येईल आणि ग्राहकांना मागता येईल. आजच्या बिलावर पदार्थांची किंमत असते, वेष्टनाचा खर्च असतो, कर असतो, प्लॅटफॉर्म शुल्क असते, सवलत तर ठळक अक्षरांत असते. या मागणीपोटी पोहोचविणाऱ्याच्या हाती किती रुपये पडले, तेवढे त्यावर नसते. तो आकडा कंपनीला पैशापर्यंत अचूक ठाऊक असतो. पिशवीला टाचलेल्या बिलावर त्यासाठी एक ओळ पुरेल.